लॅपटॉपची डिस्क बोर्डावर पक्की की काढता येणारी: घेण्याआधी ओळखायचं कसं, घेतल्यावर करायचं काय

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरला जा, कॉलेज रोडला जा, नाहीतर नाशिकरोडच्या एखाद्या छोट्या दुकानात जा. लॅपटॉप दाखवताना दुकानदार तीन आकडे घडाघडा सांगतो: आय फाइव्ह, सोळा जीबी, पाचशे बारा एसएसडी. ती पाचशे बारा जीबीची एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, उद्या काढून त्या जागी दुसरी टाकता येईल का, हे तो सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

प्रश्न उभा राहतो तो दोन-तीन वर्षांनी. डिस्क भरते, किंवा कीबोर्डवर चहा सांडून मशीन मरतं. डिस्क वेगळी असेल तर एक स्क्रू काढायचा, ती दुसऱ्या मशीनला लावायची आणि फायली बघायच्या. डिस्क मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असेल तर आधी बोर्ड जिवंत करावा लागतो, मगच फायलींचं नाव काढायचं. म्हणून सोल्डर केलेल्या मशीनमध्ये किती जागा हवी हे घेतानाच ठरवावं लागतं आणि बॅकअप पहिल्या दिवसापासून लागतो. काढता येणाऱ्या डिस्कमध्ये या दोन्ही बाबतीत थोडी सवड मिळते. पुढच्या पायऱ्या या फरकावर बेतलेल्या आहेत.

१. चार प्रकार डोक्यात बसवून घ्या

पहिला प्रकार २.५ इंची साटा; साटा ही डिस्क जोडायची जुनी पद्धत. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असायची ती याच आकाराची, आणि तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसते. जाडी ७ मिमी किंवा ९.५ मिमी. वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, कारण साटाची मर्यादाच तेवढी. ही डिस्क काढता येते.

दुसरा प्रकार एम.२. च्युइंगगमच्या पट्टीसारखी पातळ पट्टी, एका टोकाला सोनेरी दात, दुसऱ्या टोकाला एक स्क्रू. तिच्यावरचा आकडा म्हणजे माप: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्या. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमई ही नवी, वेगवान पद्धतही. एनव्हीएमईचा तिसऱ्या पिढीतला वेग सेकंदाला ३,५०० एमबीच्या आसपास, चौथ्या पिढीत ७,००० पर्यंत. हीसुद्धा काढता येते.

तिसरा ईएमएमसी. मोबाइलमध्ये असते तशी एक चिप, बोर्डावर थेट सोल्डर केलेली. स्वस्त लॅपटॉप, क्रोमबुक आणि छोट्या मिनी पीसींमध्ये ३२, ६४ किंवा १२८ जीबीची दिसते. कागदावर वेगाची कमाल मर्यादा ४०० एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी.

चौथा प्रकार सोल्डर केलेली वेगवान डिस्क. यात अ‍ॅपल आलं. मॅकबुक एअर २०१८ पासून आणि टच बार असलेलं मॅकबुक प्रो २०१६ पासून स्टोरेज बोर्डावर पक्कं आहे. २०१३ ते २०१७ च्या एअरमध्ये ते निघायचं, फक्त अ‍ॅपलच्या स्वतःच्या कनेक्टरवर. विंडोजवाल्या काही अतिपातळ मशीनमध्येही हा प्रकार आहे.

म्हणजे सोल्डर केलेली डिस्क संथच असते हा समज खरा नाही. अ‍ॅपलची सोल्डर केलेली डिस्क काही मॉडेलांत भल्याभल्या एम.२ ला मागे टाकते. उलटही तसंच. निघते म्हणून बाजारातली कुठलीही चालेल असं नाही. २०२४ च्या एम४ मॅक मिनीमध्ये स्टोरेजचं मॉड्युल निघतं, पण त्यावर नुसत्या मेमरी चिपा असतात. त्यांना हाकणारा कंट्रोलर मुख्य चिपमध्ये आहे. बाजारातली एम.२ तिथे बसतही नाही आणि चालतही नाही.

डेस्कटॉप घेत असाल तर यातलं निम्मं विसरा. नेहमीच्या कॅबिनेटवाल्या पीसीमध्ये डिस्क बदलता येते, प्रश्नच नाही.

२. पैसे देण्याआधी दुकानात ओळखा

खोक्यावरची स्टोरेजची ओळ शब्दन् शब्द वाचा. ‘५१२ जीबी पीसीआयई एनव्हीएमई एम.२ एसएसडी’ असं लिहिलं असेल तर बरं. ‘१२८ जीबी ईएमएमसी’ असेल तर चित्र स्पष्ट आहे. नुसतं ‘१२८ जीबी फ्लॅश स्टोरेज’ किंवा ‘६४ जीबी + १ टीबी क्लाउड’ असं असेल तर थांबा. क्लाउडचा १ टीबी म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची जागा, ती लॅपटॉपमध्ये नसते. ‘एक्सपांडेबल’ म्हणजेही बऱ्याचदा शेजारी मेमरी कार्डाची खाच आहे एवढाच अर्थ.

मग मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्या. ‘आयडियापॅड’ किंवा ‘पॅव्हिलियन’ हे घराण्याचं नाव झालं. एकाच नावाखाली एका मॉडेलमध्ये ईएमएमसी आणि दुसऱ्यात एम.२ असं सर्रास असतं. खालच्या बाजूच्या स्टिकरवर अक्षरं-आकड्यांचा जो लांबलचक क्रमांक असतो, तो लागतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि तिथेच उभं राहून कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल शोधा. एचपी आणि डेल त्या सर्वांसाठी खुल्या ठेवतात. लेनोवोचं पीएसआरईएफ नावाचं तपशीलपत्र असतं, त्यात सोल्डर केलेलं स्टोरेज असेल तर ‘ऑन सिस्टीमबोर्ड’ असे शब्द लिहिलेले सापडतात.

मॅन्युअल उघडली की फक्त अनुक्रमणिका बघा. ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह काढणे’ असं स्वतंत्र प्रकरण असेल तर ती निघते. बॅटरी, पंखा, स्पीकर सगळ्यांची प्रकरणं आहेत आणि डिस्कचं नाही, तर ती बोर्डावर आहे. सेल्समनच्या ‘हो हो, होऊन जाईल’पेक्षा हे पान खरं.

दुकानात ‘सोल्डर’ हा शब्द कळला नाही तर ‘ऑनबोर्ड आहे का?’ असं विचारा. तेच विचारायची पद्धत आहे. उत्तर ‘एम.२ आहे’ असं आलं तर पुढचे तीन प्रश्न: स्लॉट किती, त्यातला रिकामा कोणता, आणि किती लांबीची पट्टी बसते. दुसरा रिकामा स्लॉट असलेलं मशीन थोडं महाग असलं तरी घ्यावं. जुनी डिस्क न काढता शेजारी दुसरी लावता येते.

जुनं किंवा रिफर्बिश्ड मशीन घेताना आणखी एक काम. पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ठेवा, त्याची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. दुकानातच चालवा. डिस्क किती तास चालली आणि आजवर तिच्यावर किती लिहिलं गेलं ते बहुतेक एसएसडींचं दिसतं. काढता येणाऱ्या डिस्कला हे आकडे वाईट असतील तर भाव पाडून घ्या. सोल्डर केलेल्या मशीनला वाईट असतील तर मशीनच सोडा.

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलावर वॉरंटीचं भांडण लढता येत नाही.

३. घरातल्या मशीनमध्ये काय आहे ते बघा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये डिस्कवर टिचकी मारली की वर उजवीकडे मॉडेलचं नाव दिसतं. ते जसंच्या तसं शोधलं की डिस्कचा प्रकार कळतो. लिनक्समध्ये डिस्कचं नाव ‘एमएमसीबीएलके’ने सुरू होत असेल आणि मेमरी कार्ड घातलेलं नसेल तर ती ईएमएमसी, ‘एनव्हीएमई’ने सुरू होत असेल तर एनव्हीएमई.

इथे एक चूक नेहमी होते. एनव्हीएमई दिसलं म्हणजे निघणारी, असं लोक धरून चालतात. सोल्डर केलेली एनव्हीएमईही पडद्यावर तशीच दिसते. सॉफ्टवेअर प्रकार सांगतं, सोल्डर नाही. शेवटचा शब्द मॅन्युअलचा, किंवा उघडलेल्या झाकणाचा.

ईएमएमसीवाल्या काही लॅपटॉपमध्ये बोर्डावर एक रिकामा एम.२ स्लॉटही असतो आणि मालकाला पत्ता नसतो. काहींमध्ये मात्र स्लॉटची जागा छापलेली असते, कनेक्टर बसवलेलाच नसतो. झाकण उघडल्याशिवाय डिस्क विकत घेऊ नका.

४. सोल्डर केलेली असेल तर

घेत असाल तर जागा हिशोबाने घ्या. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. ६४ जीबीच्या मशीनवर विंडोज, ऑफिस आणि दोन अपडेट झाले की श्वास घ्यायला जागा राहत नाही; मग मोठं अपडेट अडकतं आणि मुलगा सुट्टीत घरी आला की ‘लॅपटॉप स्लो झालाय’ ही तक्रार. कॉलेजच्या विद्यार्थ्याला २५६ जीबीच्या खाली घेऊ नये. फोटो, व्हिडिओ किंवा ऑटोकॅड असेल तर ५१२. मॅकबुकमध्ये जास्त स्टोरेजचे पैसे अंगावर येतात हे खरं, पण ते नंतर देण्याची सोय नाही.

आधीच घेतलेलं असेल तर बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: हा जुना नियम इथे तंतोतंत लागू पडतो. बाहेरची डिस्क आणि लॅपटॉप एकाच बॅगेत ठेवले तर तो बॅकअप नव्हे. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या, गर्दीत बॅग गेली की दोन्ही गेलं. मॅकवर टाइम मशीन लावा आणि त्यासाठी आतल्या स्टोरेजच्या दुप्पट क्षमतेची बाहेरची डिस्क घ्या. विंडोजवर फाइल हिस्टरी पुरते. वनड्राइव्हवर फुकट ५ जीबी, गुगलवर १५ जीबी. कागदपत्रांना ठीक, लग्नाच्या व्हिडिओला नाही.

दुकान आणि छोट्या ऑफिसवाल्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा सी ड्राइव्हवर यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. वनड्राइव्ह तिकडे बघतच नाही, ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरतं असतं. म्हणजे ‘सगळं क्लाउडवर आहे’ म्हणणाऱ्याचं पूर्ण वर्षाचं खातं एका सोल्डर केलेल्या चिपवर असू शकतं.

अ‍ॅपलच्या एम मालिकेत (एम१, एम२ वगैरे चिपांचे मॅक) बाहेरच्या डिस्कवरून मॅक सुरू करता येतो खरा, पण सुरू होताना लागणारा पहिला भाग आतल्या स्टोरेजवरूनच वाचला जातो. आतलं स्टोरेज मेलं की बाहेरची डिस्क लावूनही मॅक उठत नाही. बाहेरच्या डिस्कवर काम करून आतल्याचं आयुष्य वाढेल, पण ती पर्यायी डिस्क होत नाही.

५. बदलता येणारी असेल तर कोणती घ्यायची

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

लांबी: २२३० च्या जागेत २२८० बसणार नाही. २२८० च्या जागेत २२४२ बसेल, पण स्क्रूची जागा त्या अंतरावर असली तरच.

प्रकार: काही जुन्या मशीनचा एम.२ स्लॉट फक्त साटा वाचतो, नव्यातला बहुतेक फक्त एनव्हीएमई. चुकीची पट्टी काही वेळा नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, मात्र दिसत नाही. मग डिस्क खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद. सोनेरी दातांमध्ये एकच खाच असेल तर ती साधारण एनव्हीएमई आणि दोन खाचा असतील तर बहुधा साटा; पण यावर भरवसा न ठेवता लेबल आणि मॅन्युअल बघा.

जाडी: काही मोठ्या क्षमतेच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंना चिपा असतात. पातळ लॅपटॉपमध्ये त्या खाली टेकतात. एका बाजूच्या चिपांची मागा. डेस्कटॉपसाठीची जाड हीटसिंकवाली पट्टी लॅपटॉपमध्ये घालून झाकण दाबू नका, बोर्ड वाकतो.

पिढी: तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची डिस्क चालते, पण तिसऱ्याच्याच वेगाने. जादा पैसे वाया.

आणि एक सापळा: वाय-फाय कार्डही एम.२ च असतं आणि त्याचा स्लॉट छोट्या पट्टीसारखाच दिसतो. जुन्या बिझनेस लॅपटॉपमध्ये सिम-मॉडेमसाठीही वेगळा स्लॉट असतो. रिकामी जागा दिसली म्हणजे ती डिस्कची, असं नाही.

दर्जाबद्दल थोडकं. लेबलवर किंवा तपशीलपत्रात टीबीडब्ल्यू हा आकडा शोधा. वॉरंटीत किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे ते त्यातून कळतं. क्रूशल पी३ च्या १ टीबीला तो २२० आहे, सॅमसंग ९८० च्या १ टीबीला ६००. फरक बराचसा आतल्या चिपांचा: पहिली क्यूएलसी, म्हणजे एका कप्प्यात चार बिट कोंबणारी; दुसरी टीएलसी, तीनच बिट ठेवणारी. घरच्या वापराला २२० सुद्धा खूप वर्षं पुरतात. दिवसभर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने मात्र टीएलसीच घ्यावी.

जुना लॅपटॉप आणि त्यात हार्ड डिस्क असेल तर फार विचार करू नका. २.५ इंची साटा एसएसडी घाला, मशीन बदलल्यासारखं वाटेल. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी हार्ड डिस्क तिथे ठेवता येते, कॅडी ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशा दोन जाड्यांत येते, आधी मोजा.

यासाठी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायची आता गरज नाही. शरणपूर रोड, कॉलेज रोडच्या दुकानांत नेहमीच्या कंपन्या मिळतात. २२३० आणि २२४२ या मापांच्या मात्र आधी फोनवर विचारा. डिस्क हातात आल्यावर त्याच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालण्याचे तास बघा. सीलबंद नवीन म्हणून दिलेल्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी परत करा.

६. झाकण उघडण्याआधी

जवळ घ्यायच्या वस्तू:

- लहान फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, शून्य आणि एक नंबरचे. काही मशीनला टॉर्क्स टी५, मॅकबुकला पेंटालोब पी५.
- गिटारची पिक किंवा जुनं प्लास्टिक कार्ड. चाकू नको.
- किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह.
- डिस्कचं केसिंग, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीने जोडायचा डबा. एनव्हीएमईचं वेगळं, साटाचं वेगळं. दोन्ही चालणारं मिळतं, थोडं महाग.
- स्क्रू ठेवायला कागद. त्यावर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचं चित्र काढून स्क्रू त्या त्या जागी ठेवायचे.

कागदपत्रं: मशीनचं बिल, वॉरंटीची तारीख, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड, आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली.

ही किल्लीची भानगड नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. आपण कधी कुलूप लावलंच नाही असं वाटतं, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच मशीनवर विंडोज ते आपोआप लावतं, होम आवृत्तीतसुद्धा. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज टाकलं की हे नेहमीचंच. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मशीन चालू असेपर्यंत ती सहसा लागत नाही. जुनी डिस्क काढून केसिंगमध्ये घातली, किंवा बोर्ड बदलला, की पहिल्या पडद्यावर तीच मागितली जाते, आणि ती नसेल तर आतलं काहीही वाचता येत नाही.

विंडोजचा पेनड्राइव्हही आधीच बनवा, मीडिया क्रिएशन टूलने. डिस्क काढल्यावर तो बनवायला दुसरं मशीन शोधत बसावं लागतं. डीटीपीचं काम करणाऱ्यांनी फॉन्टचा पूर्ण फोल्डर उचलून ठेवावा आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स पुन्हा कसं चालू करायचं ते विक्रेत्याला आधी विचारून घ्यावं.

वॉरंटीत असाल तर झाकण उघडलेलं चालतं का ते कंपनीला ईमेलवर विचारा. काही कंपन्या डिस्क ग्राहकाने बदलायला हरकत घेत नाहीत, काही घेतात. फोनवरचं उत्तर पुराव्याला उपयोगी पडत नाही.

७. काढणं आणि बसवणं

मशीन शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, निफाडकडे तर पारा पार खाली जातो. अशा दिवसांत स्वेटर घालून, गोधडीवर बसून हे काम करू नका. अंगातली स्थिर वीज चिप जाळायला पुरते. लाकडी टेबल, सुती कपडे, आणि सुरुवातीला एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला हात.

सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. बिजागरीजवळचे स्क्रू बहुधा लांब असतात. लांब स्क्रू आखूड जागी लावला तर वरच्या बाजूने टोक येतं किंवा बोर्डाला छिद्र पडतं. कागदावरचं चित्र यासाठीच. पिक एका कोपऱ्यात घालून हळूहळू सरकवा, कट कट आवाज करत क्लिपा सुटतात.

आत दिसल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. वायर ओढायची नाही, प्लगला नखाने दोन्ही बाजूंनी मागे ढकलायचं. काही थिंकपॅडमध्ये बायोसमधून आतली बॅटरी तात्पुरती बंद करता येते, तेही चालतं.

आता डिस्क. टोकाचा बारीक स्क्रू काढला की पट्टी आपोआप वर उचलली जाते, साधारण वीस-पंचवीस अंशांनी. तशीच तिरकी बाहेर ओढा. नवी पट्टीही त्याच तिरक्या कोनात, लेबल वर ठेवून, सोनेरी दात पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा. नीट बसली असेल तर दात दिसायचे थांबतात आणि सोडल्यावर पट्टी स्प्रिंगसारखी वर राहते. दात एक मिलिमीटर जरी बाहेर दिसत असतील तर बसलेली नाही. तशीच दाबून स्क्रू लावला तर डिस्क कधी दिसेल कधी नाही. मग बोटाने खाली दाबून स्क्रू लावा. तो हाताने घट्ट होईल इतपतच, कारण तो जेमतेम २ मिमी जाडीचा असतो आणि डोकं लगेच झिजतं. जुन्या डिस्कवर निळसर किंवा राखाडी मऊ पट्टी चिकटलेली असेल तर ती थर्मल पॅड आहे, नव्या डिस्कवर त्याच जागी लावा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ती नसेल तर मोठी फाइल कॉपी करताना डिस्क तापून वेग पडतो.

बॅटरी जोडा, झाकण नुसतं ठेवा, स्क्रू लावू नका. मशीन चालू करून बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसलं की मग स्क्रू.

८. विंडोज टाकणं किंवा क्लोन करणं

नव्याने टाकणं सोपं आणि स्वच्छ. पेनड्राइव्हवरून सुरू करा, रिकामी जागा निवडा, पुढे जा. लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असल्याने फक्त डिस्क बदलली तर इंटरनेट मिळताच विंडोज स्वतः ॲक्टिव्हेट होतं. ‘नवी डिस्क म्हणजे नवीन की’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही? इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. मशीनच्या कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, सुटा करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा. डिस्क खराब नसते.

ईएमएमसीच्या शेजारी एम.२ घातलेली असेल तर आणखी एक खुबी. विंडोजचं इन्स्टॉलर सुरू होण्याचा छोटा भाग जुन्या ईएमएमसीवरच ठेवून देतं आणि बाकी सगळं नव्या डिस्कवर टाकतं. वर्षाने ईएमएमसी मेली की नवी डिस्क ठणठणीत असूनही मशीन उठत नाही. बायोसमध्ये ईएमएमसी बंद करता येत असेल तर बंद करून इन्स्टॉल करा. येत नसेल तर बॅकअप घेऊन तिचे सगळे भाग इन्स्टॉलच्या वेळी पुसून टाका, आणि झाल्यावर सुरू होण्याचा भाग कुठे गेला ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये तपासा.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करायची असेल तर नवी डिस्क आधी केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडा. क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे. त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद होऊ द्या, नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी असू द्या, आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच बसा. महावितरणचा भरवसा धरू नका. मोठ्या डिस्कवर क्लोन केल्यावर उरलेली जागा बहुधा सी ड्राइव्हला सरळ जोडता येत नाही, कारण सी ड्राइव्ह आणि रिकामी जागा यांच्यामध्ये रिकव्हरीचा भाग आडवा बसलेला असतो. जीपार्टेड या फुकट प्रोग्रामने तो शेवटाला सरकवा, मग सी वाढतो.

९. मशीन मेलं आणि डेटा हवा असेल तर

काढता येणारी डिस्क: दुरुस्तीला देण्याआधीच काढून घरी ठेवा. केसिंगमध्ये घाला, दुसऱ्या मशीनला लावा, लागलीच तर ४८ अंकी किल्ली टाका. खासगी फोटो आणि बँकेची कागदपत्रं कुणाच्या टेबलावर पडत नाहीत हा वेगळा फायदा.

सोल्डर केलेली डिस्क: काउंटरवर पहिलं वाक्य ‘मला डेटा हवा आहे’ हे असू द्या, आणि ते जॉबशीटवर लिहून घ्या. सर्व्हिस सेंटर दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदलणं समजतं. बोर्ड बदलला की मशीन चालू होतं आणि फायली जुन्या बोर्डाबरोबर जातात. अशा वेळी पाटीवर ‘चिप लेव्हल’ लिहिलेला कारागीर शोधायचा, जो जळालेला भाग बदलून तोच बोर्ड पुन्हा उठवतो. विंडोज मशीनमधली ईएमएमसी चिप तज्ज्ञ हात असेल तर उतरवून रीडरवर वाचता येते, पण कुलूप लावलेलं असेल तर तिथेही तीच किल्ली. टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या आणि एम मालिकेच्या मॅकमध्ये चिपा उतरवून दुसऱ्या बोर्डावर लावून काहीच मिळत नाही; कुलपाची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये असते. २०१६-१७ च्या टच बारवाल्या मॅकबुकच्या बोर्डावर डेटा काढण्यासाठी खास कनेक्टर होता, २०१८ पासून तोही नाही. ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा, तोच बोर्ड चालू करणार का? नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आणि एसएसडीवरून डिलीट केलेली फाइल परत आणायची आशा फार धरू नका. ट्रिम नावाची यंत्रणा रिकाम्या झालेल्या जागा खरोखर रिकाम्या करते. हार्ड डिस्कच्या जमान्यातले रिकव्हरीचे प्रोग्राम इथे बहुतेक वेळा हात टेकतात.

१०. जुनी डिस्क, जुनं मशीन

दुकानात डिस्क बदलून घेतली तर जुनी परत मागून घ्या. ती तुमची आहे आणि तिच्यावर तुमचं सगळं आहे. केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा, पण तिच्या आरोग्याचा आकडा आधी बघा.

सोल्डर केलेलं मशीन विकताना डिस्क काढून ठेवायची सोय नाही. विंडोजमध्ये ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ चालू. मॅकमध्ये ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’, त्याआधी आयक्लाउडमधून बाहेर पडून ‘फाइंड माय’ बंद. नाहीतर घेणारा दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन दारात. मेलेला बोर्ड किंवा डिस्क घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या, आणि डिस्क असेल तर देण्याआधी पट्टीवरच्या काळ्या चौकोनी चिपांवर, एक न सोडता, हातोडी मारून त्या फोडा.